भात शिकायला मुळशीला

आमच्या जिंतुराकडे भात हा काही गंभीर पदार्थ नाही. तो आजाऱ्याला देतात, नाहीतर पंगतीत वरण वाहून जाऊ नये म्हणून त्याचा बांध घालतात. खरं जेवण ज्वारीच्या भाकरीचं, बाकी सगळे तिचे वऱ्हाडी. अशा मुलखातला मी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा मास्तर, गेल्या फेब्रुवारीत चक्क भाताच्या परीक्षेला परीक्षक म्हणून पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात जाऊन आलो. परत आल्यावर स्टाफरूममध्ये चहाबरोबर सगळी हकीकत सांगितली, फक्त एक भाग गाळला. इथं तो गाळणार नाही, कारण तो गाळला तर हकीकतीत काही उरतच नाही.

मी तिथं कसा पोचलो ते आधी सांगतो.

प्रज्ञा वाघमारे ही आमची बी.एस्सी.ची विद्यार्थिनी. वडलांची बाजारात पिठाची गिरणी. पोरीनं बी.एड. करावं आणि एखाद्या शाळेत चिकटावं, असं घरात ठरलं होतं. त्याच सुमारास मुळशीकडच्या एका नव्या अभ्यासक्रमाची माहिती माझ्या हाती पडली. अन्नप्रक्रियेत एम.एस्सी., पण शिकवणारे दोन : विद्यापीठ आणि कारखाना. वर्गात दोघांचे मास्तर, परीक्षेला दोघांचे परीक्षक, आणि पास व्हायला दोघांची सही. मी गिरणीवर गेलो आणि वाघमारेंना पटवलं. मला लोकांना पटवता येतं, हीच माझी अडचण आहे.

पुढच्याच दिवाळीत वाघमारेंनी मला भर रस्त्यात गाठलं.

"सर, लोक विचारायलेत, पोरगी कशात एम.एस्सी. करायली? मी म्हणलं, भातात. हसायलेत सर लोक. म्हणायलेत, लग्न लावून दिलं असतं तरी भातच शिकली असती, तेबी फुकटात."

तेव्हापासून मी दळण दुसऱ्या गिरणीवर टाकू लागलो.

तर या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या परीक्षेला तीन खुर्च्या असतात. एक विद्यापीठाची, एक कारखान्याची, आणि तिसरी, जिथून ही पोरं येतात त्या लहान गावांच्या कॉलेजांतल्या एखाद्या मास्तराची. आपण पाठवलेल्या पोराचं पुढं काय होतं ते त्यालाही दिसावं म्हणून. यंदा ती तिसरी खुर्ची माझ्याकडे आली. प्रज्ञाचा हिशोब सरळ होता. प्रकल्प पास झाला तर त्याच कारखान्यात नोकरी. नाही झाला तर परत जिंतूर, परत तीच गल्ली, आणि तेच हसणारे लोक.

नेरे, चुकून

पुण्यात उतरल्यावर एका सद्गृहस्थाला विचारलं, "मुळशी तालुक्यात कंपनी आहे, तिथं कसं जायचं?" त्यानं दुसरा प्रश्न न विचारता मला हिंजवडीच्या बसमध्ये बसवून दिलं. हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे आणि तिथं कंपन्यांना काही तोटा नाही, त्यामुळे त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. प्रश्न माझा होता.

एका काचेच्या डोंगरासमोर उतरलो. गेटवरच्या जवानानं विचारलं, "कौन सी कंपनी, अंकल?"

"भात की."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं, आणि आदरानं म्हणाला, "टिफिनवालों का गेट पीछे है."

मागच्या गेटवर जाण्यापेक्षा मी समोर आलेल्या बसमध्ये चढलो. 'पिरंगुटला जाते का' हे विचारायचं बस सुटल्यावर आठवलं. ती जात नव्हती. ती नेऱ्याला जाऊन थांबली. नेरे हे गाव सध्या कपडे बदलताना मध्येच कुणी हाक मारावी तसं दिसतं. एका अंगाला उसाचा फड, दुसऱ्या अंगाला उंच इमारत, आणि दोन्हीच्या मधे रवंथ करत बसलेली म्हैस, जिला यातलं काहीही विकायचं नाही.

टपरीवर चहा घेताना एक पिकअपवाला भेटला, पायगुडे म्हणून.

"पिरंगुटला? अहो काका, तुमी पार उलट्या अंगाला आलाय. बसा. घोटवडे फाट्याला सोडतो तुमाला, मी तिकडंच चाललुया."

रस्त्यानं त्यानं हातानं रानं दाखवली. "ह्या समद्या पट्ट्यात भात हुता आमचा. आता खोल्या काढल्यात. इंजिनेर ऱ्हात्यात. चिखलात उतरायचं न्हाई, काय न्हाई, महिन्याला नुसतं दार वाजवायचं."

"मग बरं चाललंय म्हणायचं."

"पैशाचं बरं हाय. पर तांदूळ इकत आनतो काका. पावन्यांना सांगत न्हाई." गिअर बदलून त्यानं विचारलं, "तुमी काय काम काढलं?"

"भाताची परीक्षा घ्यायला आलोय."

गाडीचा वेग कमी झाला. "गाव कंचं तुमचं?"

"जिंतूर. परभणीकडं."

"म्हंजी भाकरीवाले."

"हो."

तो फाट्यापर्यंत हसत होता. मी उतरल्यावरही गाडी हसत गेल्यासारखी वाटली.

पिरंगुट

कारखान्याच्या दारात दुधाणे साहेब उभे होते. उत्पादनाचे प्रमुख, आणि कारखान्याच्या बाजूनं या पोरांचे मास्तर. मूळचे जवळच्याच कोळवणचे. इंजिनिअर झाले, मोठे साहेब झाले, पण घाईत असले की भाषा तडक गावाला जाते. त्यांनी मला पांढरा कोट दिला, डोक्याला जाळीची टोपी दिली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"सर, मिशी."

"काय झालं मिशीला?"

"जाळी लागंल."

मला वडिलोपार्जित इस्टेट म्हणाल तर ही मिशीच. आजोबांकडून वडलांकडे, वडलांकडून माझ्याकडे, भाऊबंदकी न होता आलेली एकमेव गोष्ट. तिच्यावर जाळी चढवून, दोऱ्या कानामागं अडकवून मी आरशात पाहिलं. मळणीच्या वेळी बैलानं कणसाला तोंड लावू नये म्हणून त्याला मुसकं बांधतात, डिट्टो तसाच दिसत होतो. फक्त बैलाच्या डोळ्यांत जास्त समज असते.

वर्ग कारखान्याच्या माडीवर भरतो. एक भिंत फळ्याची, एक भिंत काचेची, आणि काचेखाली यंत्रं चाललेली. मी मागच्या बाकावर बसलो. पुढं दोन मास्तर. विद्यापीठाच्या देसाई मॅडम फळ्यावर लिहीत होत्या : सुवासिक तांदळाचा वास कशाचा असतो, तो तापल्यावर का उडतो. दुधाणे हाताची घडी घालून काचेला टेकलेले. ते किती वेळ गप्प राहतात यावर पोरांची पैज लागलेली असावी, कारण सगळे फळा सोडून त्यांच्याकडे बघत होते.

"मॅडम," शेवटी राहवलंच नाही त्यांना, "फळ्यावर लई झ्याक शिजतोय भात. पर खाली मशीनीत वाफ कुटनं निसटतीय, ते कळाय पायजे ना पोरांना."

"कुठून निसटते ते तुम्ही दाखवा, दुधाणे. का निसटते ते कळल्याशिवाय तुम्ही इतकी वर्षं नुसतं झाकण दाबून धरलंय."

वर्ग खदखदला. दुधाणेही हसले. "चला मंग, झाकणच दावतो," म्हणाले, आणि अख्खा वर्ग जिन्यानं खाली. मॅडम सगळ्यांत पुढं, खडू हातातच. यंत्राशी उभं राहून दोघं असे भांडत होते की पाहणाऱ्याला वाटावं, आता नोकऱ्या जातात. पण प्रत्येक भांडणातून पोरांच्या हाती काहीतरी पडत होतं. एकानं 'का' सांगायचं, दुसऱ्यानं 'कुठं' दाखवायचं, आणि 'मग काय करू या?' हा प्रश्न पोरांकडे टाकून दोघांनी बाजूला व्हायचं.

आमच्या कॉलेजात एका वर्गात दोन मास्तर एकदाच आले होते, वेळापत्रकाच्या चुकीनं. त्यांतला एक मी. दोघांपैकी कुणीही मागं हटेना, तेव्हा पोरंच निघून गेली.

प्रज्ञानं मला तिचं यंत्र दाखवलं. पोरगी ओळखू येईना. गावी बोलताना ओढणीचं टोक पिळणारी ही मुलगी यंत्राच्या बटणांवरून असा हात फिरवत होती, जणू घरची शेगडी. तिचा प्रकल्प म्हणजे झटपट होणारा आंबेमोहर. आधी शिजवून वाळवलेला तांदूळ, घरी फक्त उकळत्या पाण्यात टाकून झाकायचा. असा तांदूळ बाजारात मिळतो, पण आंबेमोहराची सगळी इभ्रत वासात, आणि शिजवता-वाळवताना तो वासच उडून जातो. राहतो तो नावापुरता आंबेमोहर. प्रज्ञानं काय केलं, तर उडणारी वाफ नळीतून पकडली, गार केली, आणि वास परत दाण्यात मुरवला.

"सर, गवती चहा आठवतो?" तिनं विचारलं.

"चहा नको, आत्ताच झाला."

"तसं नाही हो सर. आपल्या लॅबमध्ये तुम्ही गवती चहाचं तेल काढून दाखवलं होतं. नळाला पाणी नव्हतं, म्हणून काचेच्या नळीला ओलं पोतं गुंडाळलं होतं. म्हणाला होता, वाफेला गार वाटलं म्हणजे झालं, तिला काय माहीत पाणी नगरपालिकेचं का पोत्याचं. इथं पण मोठं गार करायचं मशीन परवडत नव्हतं. मी तेच केलं."

मला काही आठवेना. पाणी नव्हतं म्हणून केलेली माझी लाचारी या पोरीनं पद्धत म्हणून जपून ठेवली होती. जाळीच्या आत माझी मिशी जरा फुलली. दुधाणे म्हणाले, "सर, जाळी सरकतीया."

मुळशी

रविवारी देसाई मॅडमनी मला आणि प्रज्ञाला त्यांच्या गाडीतून धरणाकडे नेलं. पाणी इतकं की मला जरा रागच आला. आमच्याकडे टँकरची वाट बघत बायका भांडतात आणि इथं डोंगरांच्या पायाशी पाणी नुसतं पसरून पडलेलं, कुणी ने म्हटलं तर नेण्यासारखं. शनिवार-रविवारचे पुण्याचे लोक त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते.

मुळशी गावात एका घरगुती खानावळीत जेवलो. धरणातला मासा तळलेला, आमटी, भात, आणि भाकरी. भाकरी बघून जीव भांड्यात पडला. सवयीनं मी ती आमटीत कुस्करायला घेतली. ती कुस्करेना, तिचा गोळा झाला.

खानावळीच्या बाई बघत होत्या. "पावनं, तांदळाची हाय ती. तिला हळू मोडायचं. तुमी तर तिच्यावर सूड उगवाय लागलाय."

"ज्वारीची नाही का मिळणार?"

"मिळंल की. तुमच्या गावाला."

जेवता जेवता मॅडमनी मला परीक्षा समजावून दिली. तीन वाट्या मांडल्या. "चाखणाऱ्यापुढे अशा तीन वाट्या येतात. दोनांत एकच भात, तिसऱ्यात वेगळा. एक ताजा शिजवलेला, एक प्रज्ञाचा. वेगळी वाटी कोणती ते वासावरून आणि चवीवरून ओळखायचं. ओळखता आली, तर प्रज्ञा हरली. ओळखता आली नाही, तर जिंकली."

"म्हणजे लोक जितके चुकतील तितकं चांगलं?"

"हो. नुसता अंदाज केला तरी तिघांत एकाचं बरोबर येतं, तेवढं सोडून द्यायचं."

मला ही परीक्षा फार आवडली. माझ्या आयुष्यात मला जमेल अशी ही पहिलीच.

मॅडम हात धुवायला गेल्या तेव्हा प्रज्ञा हळूच म्हणाली, "सर, बाबा फोनवर प्रकल्पाचं काही विचारत नाहीत. जेवलीस का, एवढंच विचारतात. रागावले असते तरी चाललं असतं."

यावर मास्तरानं काहीतरी शहाणं बोलायचं असतं. मी मासा खाताना बोलत होतो, काटा अडकला, आणि तिलाच माझ्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या.

पुन्हा पिरंगुट, आणि गाळलेला भाग

चाखणारे सगळे कारखान्यातलेच, त्यांना शनिवारीच सूचना दिल्या होत्या. अत्तर, सेंट, उदबत्तीचा धूर लागलेले कपडे, तंबाखू, पान, कशाकशाचा वास चालणार नाही. मी नुसता परीक्षक, मला त्याचं काही नव्हतं. पण सकाळी चाखणाऱ्यांपैकी एक जण आजारी पडला.

"एक माणूस कमी आहे," मॅडम म्हणाल्या.

मी हात वर केला. मला हात वर करायची सवय आहे. लहानपणी उत्तर येत नसतानाही करायचो.

आता, आदल्या दिवशीच्या वळणांनी आणि उन्हानं माझं डोकं रात्रभर ठणकत होतं. माझ्या खिशात बामाची डबी कायम असते. चष्मा विसरेन, डबी नाही. सकाळी कपाळाला, कानशिलाला आणि सर्दीसारखं वाटलं म्हणून नाकाच्या शेंड्याला मी बाम चोळला होता. सूचना मी वाचल्या होत्या. त्यांत बाम नव्हता. असता तरी मला खटकलं नसतं, कारण आपल्याकडे बाम हा वास नसतो, ते औषध असतं. अत्तर लावतो तो शौकीन, बाम लावतो तो बिचारा.

बाहेरच्या खोलीत सगळे वाट बघत बसले होते. एसी जोरात. हिशोब विभागातले एक गृहस्थ कपाळ दाबत होते.

"डोकं?" मी विचारलं.

"हो ना, या एसीनं धरतं."

मी डबी पुढं केली. "घ्या की."

"नको नको."

"लाजताय काय? घ्या!"

त्यांनी घेतला. शेजारच्या बाईंनी 'मला पण जरासा' म्हणून बोट बुडवलं. त्यांच्या पलीकडच्यांचं डोकं दुखत नव्हतं, पण पुढं केलेल्या वस्तूला नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनीही घेतला. डबी हळदीकुंकवाच्या करंड्यासारखी फिरून माझ्याकडे परत आली. पाहुणा म्हणून आलो आणि चार माणसांच्या उपयोगी पडलो, या समाधानात मी आत गेलो.

आत लहान लहान कप्पे. प्रत्येक कप्प्याला एक खिडकी, खिडकीपलीकडून प्रज्ञा वाट्या सरकवते, चेहरा दिसत नाही. मी तिन्ही वाट्या हुंगल्या. तिन्हींना बामाचा वास. मला वाटलं, वा पोरी, काय हुबेहूब केलंस! अंदाजानं मधल्या वाटीवर बोट ठेवलं, आणि ताटात अन्न टाकू नये म्हणून तिन्ही वाट्या चाटूनपुसून संपवल्या.

निकाल आला. ओळखणारे निव्वळ अंदाजाइतकेच. दुधाण्यांनी टेबलावर थाप मारली. "जिंकलीस की गं प्रज्ञे! उद्या दुपारी कंपनीचे मोठे साहेब येत्यात, त्यांच्यापुढं हाच कागद ठिवतो. नोकरी झालीच म्हनून समज." लोक टाळ्या वाजवायला लागले. मी सगळ्यांत जोरात वाजवत होतो.

प्रज्ञा एकटीच वाजवत नव्हती. तिनं विचारलं, "गायकवाड मॅडम पण चुकल्या?"

गायकवाड मॅडम तपासणी विभागातल्या. पाण्याची टाकी बदलली तरी त्यांना भातात कळतं, असा त्यांचा लौकिक. त्या म्हणाल्या, "हो गं, आज काही सुधरेच ना."

प्रज्ञा कप्प्यांच्या खोलीत गेली. बाहेर आली ती सरळ माझ्यापुढं. जवळ येऊन तिनं श्वास घेतला.

"सर. बाम?"

 हिशोबवाल्यांनी हळूच रुमालानं कपाळ पुसलं.

"अगं, औषध आहे ते," मी म्हणालो.

दुधाणे माझ्याकडे असे बघत होते, जणू म्हणताहेत, मिशीला जाळी कमी पडली, कुलूप पाहिजे होतं. पण ते बोलायच्या आत प्रज्ञा बोलली. "मॅडम, हा निकाल रद्द करा. परत घेऊ या."

"प्रज्ञा, वेळ नाही बाळा," देसाई मॅडम म्हणाल्या. "साहेब उद्या येताहेत. आणि नवीन पॅनेल आणायचं कुठून?"

मी पुढं झालो. मला पटवता येतं ना. "पोरी, झालं ते झालं. कागदावर पास आहेस. तुझा भात चांगलाच आहे, उगाच हातचं कशाला घालवतेस?"

"सर, ज्यांच्या घरी हे पाकीट जाईल, त्यांनी बाम लावलेला नसेल."

मी डबी खिशात आणखी खोल ढकलली. 

दुधाण्यांनी काचेतून खाली यंत्रांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पॅनेल पायजे ना? सकाळी कोळवणला चला. माझी आई, चुलत्या, भाऊबंद, समदे आंबेमोहरातच वाढल्यात. पर प्रज्ञे, आत्ताच सांगतो, ते पॅनेल न्हाई. कोर्ट हाय ते. पन्नास पावलांवरनं जुना का नवा ते सांगत्यात. हितला पास झालेला कागद फाडून तितं जाणार हायेस, इचार कर."

"जाऊ या सर," ती म्हणाली. पण ओढणीचं टोक तिच्या बोटात आलं होतं.

कोळवण

मी रात्री अंघोळ केली, पहाटे पुन्हा केली, शर्ट बदलला, डबी खोलीतच ठेवली. जीपमध्ये मला सगळ्यांत मागं, ताडपत्री उघडी ठेवून बसवण्यात आलं.

कोळवणचं खोरं सुंदर आहे. भात कापून गेलेली खाचरं, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे बांध, त्यांत मध्येच शहरातल्या लोकांनी घेतलेली फार्महाउसं. फार्महाउसांना मोठमोठी नावं आणि त्याहून मोठी कुलपं. एसटीतून उतरलेल्या बायका त्यांच्याकडे न बघता चालत होत्या.

समाजमंदिरात चाखणारे जमले होते. भाताच्या दोन तऱ्हा. एक प्रज्ञाचा. दुसरा दुधाण्यांच्या घरच्या खाचरातला आंबेमोहर, त्यांच्या बायकोनं तिथंच चुलीवर शिजवलेला. मॅडम एकेकाला विचारत होत्या.

"आजी, सकाळपासून मिश्री नाही ना लावली?"

दुधाण्यांच्या आई, सरूबाई, वैतागून म्हणाल्या, "न्हाई. ल्योक म्हनला लावू नगं. टकुरं फिराय लागलंय माजं. बिगीनं आना काय त्यो भात."

मी दारातून आत डोकावलो, तेवढ्यात प्रज्ञा आली.  तिनं चिमूटभर कोंडा हवेत उडवला, वारा कुठून वाहतो ते पाहिलं, आणि मला रस्त्यापलीकडचं जांभळीचं झाड दाखवलं.

दुधाणे म्हणाले, "सर, राग मानू नका. तुमचा बाम पावसाळ्यापतुर टिकंल."

तर माझ्या विद्यार्थिनीच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी परीक्षा मी, तिचा परीक्षक, वारा जिकडं वाहत होता त्या अंगाला, एका बकरीशेजारी बसून पाहिली. शब्द एक ऐकू येत नव्हता. माणसं एकेक करून पडद्याआड जात, बाहेर येत. प्रज्ञा वाट्या मांडत होती. इतक्या लांबूनही तिचे खांदे ताठ दिसत होते. सरूबाई आत गेल्या त्या येईचनात. मला घाम फुटला, आणि घामानं बाम परत जागा होईल या भीतीनं मी घाम पुसायलाही घाबरलो.

मग मॅडम कागद घेऊन बसल्या. दुधाणे त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. आणि एकदम त्यांनी दोन्ही हात डोक्यावर मारले आणि मोठ्यानं हसत खालीच बसले.

काय झालं ते मला नंतर कळलं. ओळखणारे अंदाजापेक्षा एकानं जास्त, आणि मॅडमच्या शास्त्रात तेवढं माफ असतं, म्हणजे प्रज्ञा पास. पण दुधाणे हसत होते ते आईला. सरूबाईंनी तिन्ही वाट्या हुंगून, चाखून, पुन्हा हुंगून एका वाटीवर बोट ठेवलं होतं आणि ठणकावून सांगितलं होतं, "ह्यो मशिनीचा. ह्येला काय भात म्हनत्यात?" ती वाटी त्यांच्या स्वतःच्या खाचरातली, सुनेनं चुलीवर केलेली. सून पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली होती. "आत्याबाई, परत कवा माज्या भाताला नावं ठिवा," एवढंच तिला बोलता आलं.

दुधाण्यांनी तिथंच मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली आणि पेन मॅडमच्या हातात दिलं.

दुपारचं इथंच सांगून टाकतो. मोठे साहेब आले, दोन्ही निकाल आणि मधली बामाची भानगड त्यांनी ऐकली, आणि प्रज्ञाला नोकरी मिळाली. हल्ली वाघमारे गिरणीवर आलेल्या प्रत्येकाला आपणहून सांगतात, "पोरगी भातात एम.एस्सी. हाय," आणि जो हसेल त्याचं दळण शेवटी टाकतात. माझं दळण आता पुन्हा त्यांच्याकडेच असतं.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलंय ते सकाळचं. सह्या झाल्यावर सरूबाईंनी फसवणुकीचा राग गिळला आणि प्रज्ञाची हनुवटी धरून विचारलं, "हिला शिकिवलं कुनी म्हनायचं?" देसाई मॅडमनी दुधाण्यांकडे बोट केलं. दुधाण्यांनी मॅडमकडे केलं. दोघांत तिथंही जुंपणार होती, पण प्रज्ञानं दोघांचे हात धरून खाली केले आणि मागं वळून रस्त्यापलीकडे, जांभळीकडे बोट दाखवलं.

हे सगळं मॅडमनी मला परतीच्या वाटेवर सांगितलं. त्या क्षणी मला दिसलं ते एवढंच, की अख्खं समाजमंदिर वळून माझ्याकडे बघतंय आणि प्रज्ञा माझ्या दिशेनं बोट करतेय. मला वाटलं, वारा फिरला. मी मुकाट्यानं उठलो, बकरीची माफी मागितली, आणि बांध ओलांडून आणखी लांब जाऊन बसलो.